तात्यांच्या तोंडावरची लाथ

सर्व वाचकांनी शक्य असल्यास उठून उभे राहावे, डोक्यावर टोपी असल्यास ती काढावी आणि पुढील निवेदन गांभीर्याने ऐकून घ्यावे. मी, कमल, आमच्या घरातले शेंडेफळ, परकर-पोलक्यात वावरण्याच्या वयात, भर अंगणात, गावच्या प्रतिष्ठित मंडळींच्या साक्षीने माझ्या सख्ख्या काकांच्या तोंडावर लाथ मारलेली आहे. ती त्यांच्याच आग्रहावरून मारली. लाथ मारून झाल्यावर काकांनी मला हात जोडले, आणि जमलेल्या मंडळींना गूळ-खोबरे वाटण्यात आले. एवढा मान आमच्या तालुक्यात दुसऱ्या कुठल्या मुलीला मिळाला असेल तर तिने मला भेटावे. आम्ही दोघी बसून हसू.

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना इतर मुले डोके पुढे करतात, मी पाय पुढे केले. आमच्या भागात पायाळू माणसाच्या नशिबी एक भीती आणि एक मान असतो. भीती विजेची. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून ढग गडगडले की आई मला ओढून घरात कोंडायची. आणि मान असा, की कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळूच्या लाथेने ती उतरते. सकाळी, चूळसुद्धा न भरता, दुखणाईताने उंबरठ्यावर पाठ करून उभे राहायचे आणि पायाळूने डाव्या पायाने दुखऱ्या जागी लाथ द्यायची. जिथे चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करायचा, त्या गावात मी पोलीस पाटलाला लाथ मारली आहे, मिठागराच्या मुकादमाला मारली आहे, आणि मला पट्टीने मारणाऱ्या मास्तरांना तर फार मन लावून मारली आहे. मोठी माणसे समोरून जशी दिसतात तशी पाठीकडून दिसत नाहीत. पाठीकडून ती बरीचशी पोत्यांसारखी दिसतात. मोठ्या माणसांविषयीचे माझे मत तेव्हाच तयार झाले, आणि पुढे ते बदलावे असे कुणी काही केले नाही.

आमचे घर रेवसच्या बाजूला, खाडीकडे तोंड करून. पुढे मिठागरे, मागे भाताची खाचरे. उन्हाळ्यात दिवसभर मीठ ओढणाऱ्या फळ्यांची खरखर ऐकू येई, आणि तिच्यावरून रेवसला लागणाऱ्या मुंबईच्या लाँचचा भोंगा. त्या भोंग्यावर आमचे घर चाले. सकाळच्या भोंग्याला भाकऱ्या, दुपारच्या भोंग्याला शेजारणींची भांडणे आणि शनिवारच्या भोंग्याला माझे वडील. ते मुंबईला गोदीत होते. घरात आई, वडिलांची धाकटी बहीण यमूआत्या, मी, आणि आम्हा सर्वांच्या डोक्यावर वडिलांचे मोठे भाऊ तात्या. तात्यांनी लग्न केले नव्हते. त्यांच्या तोडीची मुलगी जन्माला आली नाही, असे ते सांगत, आणि मुलींच्या वतीने मी देवाचे आभार मानते. आम्ही तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खायचो. तात्या आमच्या आधी, एकटे, ताटाभोवती पाणी फिरवून, बोयी माशाच्या कालवणातले डोके खायचे. ग्रामपंचायतीची निवडणूक येऊ घातली होती आणि तात्यांना सरपंच व्हायचे होते. त्यासाठी ते घरातही भाषणाच्या आवाजात बोलत. शेळीला हाकलायचे तरी तिला आधी परिस्थिती समजावून सांगत.

अशा थोर माणसाच्या तोंडाचा उजवा भाग एके दिवशी सकाळी बंद पडला. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळून सदऱ्यावर आला. उजवा डोळा मिटेना, त्यातून सारखे पाणी. डाव्या बाजूने कपाळाला आठ्या पडत, उजवी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट. ‘बंधूंनो’ म्हणायला गेले की ‘फंधूंनो’ यायचे. शेळी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. गावात एका सकाळीत बोभाटा झाला : तात्यांच्या अंगावरून वारं गेलं. आमच्याकडे ‘वारं’ या एका शब्दात सगळे मावते. हात गेला, वारं. पाय गेले, वारं. तोंड वाकडे, वारं. आणि वाऱ्यावर उपाय काय, तर ज्याने उसण उतरते त्यानेच हेही उतरेल, असे म्हाताऱ्या मंडळींनी ठरवले. प्रश्न फक्त जागेचा होता. लाथ दुखऱ्या जागी मारायची, आणि दुखरी जागा तात्यांचे तोंड. यावर आमच्या ओटीवर जी चर्चा झाली तिच्या निम्मी जरी पुढे ग्रामपंचायतीत झाली असती, तरी गावाला नळ आले असते. कुणी म्हणे मानेवर मारावी, कुणी म्हणे नुसता अंगठा गालाला टेकवावा. शेवटी तात्याच कडाडले, “फायालू हाय ना फोरगी? मग हानू दे! मी भीत न्हाय!” मी डोळे मिटले, देवाचे नाव घेतले, आणि अंगठा टेकवायच्या नावाखाली जरा जास्तच टेकवला.

महिन्याभरात तात्यांचे तोंड जागेवर आले. मग विचारता काय. बरे झालेल्या तोंडाने त्यांनी पहिले काम कोणते केले असेल, तर माझ्या पायाची गावोगाव जाहिरात. पाय माझा, पण तो त्यांच्या घरात होता, म्हणून कीर्ती त्यांची. दर रविवारी अंगणात माणसे येऊ लागली, आणि तात्या त्यांना आधी आपली मते ऐकवत, मग माझा पाय देत. माझ्या डाव्या पायाला हळदकुंकू लावायची पद्धत त्यांनीच सुरू केली. मी बाजेवर पाय सोडून बसायचे आणि जगातली निम्मी लंगडी-लुळी माणसे माझ्यासमोरून जायची. एक कोळी आला, त्याचा हात मनगटातून मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा लोंबत होता. ताडी पिऊन तो होडीच्या काठावर दंड टाकून झोपला होता, उठला तो असा. काही आठवड्यांनी तो ओला बोंबील घेऊन आला आणि त्याच हाताने त्याने तो मला दिला. झाले, दुसरा चमत्कार! एक लहानगी आली, तापानंतर तिचा एक पाय काडीसारखा बारीक झालेला. तिच्या तळव्याला मी गुदगुल्या केल्या तर ती खिदळली. म्हणजे कळत सारे होते, हलत काही नव्हते. तिला मी लाथ मारली नाही, नुसता पाय लावला. ती मात्र कधी बरी झाली नाही. अशी माणसे पुन्हा आली नाहीत की तात्या म्हणत, “त्यांची श्रद्धा कमी.” जी बरी होतात ती पायाने, जी होत नाहीत ती स्वतःच्या दोषाने. असा धंदा पुढे मी मुंबईत फार मोठमोठ्या माणसांना करताना पाहिला, पण इतक्या निर्मळ निर्लज्जपणाने कुणाला जमला नाही.

आणि शेजारचे धाकूबाबा. एके काळी मिठाचे मचवे घेऊन मुंबईला जाणारे तांडेल, जीभ अशी की खाडीतल्या खेकड्यांनीही कानात बोटे घालावी. त्यांची उजवी बाजू अख्खी गेली होती, हात छातीशी दुमडलेला, पाय काठीसारखा ताठ, टाकताना अर्धे वर्तुळ काढून पडायचा. तोंडही वाकडे होते, पण तात्यांसारखे नव्हे. धाकूबाबांचे कपाळ दोन्हीकडून आठ्या घालायचे, डोळा नीट मिटायचा, फक्त ओठ ओढलेला. आणि वाचा गेलेली. सगळे शब्द गेले, एक वाक्य मात्र दाढेत अडकलेल्या सुपारीसारखे राहिले होते : “थू तुझ्या जिनगानीवर!” पाणी हवे असले तरी तेच, भाकरी आवडली तरी तेच. सुनेने पाय चेपले की डोळ्यांत पाणी आणून, अगदी मायेने, “थू तुझ्या जिनगानीवर.” सगळ्या दुखणाईतांत माझे त्यांच्याशी जमायचे. एवढे ऐकून-बघून मला आपोआप एक कळले होते, आणि ते मी कुणाला सांगितले नव्हते : ज्याच्या कपाळाची एक बाजू सपाट, तो माझ्या हातचा. म्हणजे पायाचा. बाकीचे देवाचे.

मग यमूआत्या. आत्या म्हणजे आमच्या घरातला वारा, मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून पळायची आणि वर गाणी म्हणायची. त्या हिवाळ्यात तिची पाठ दुखू लागली. संध्याकाळी अंग कोमट लागायचे. मग पाटी घेऊन ती दोनदा पडली, आणि होळीपर्यंत तिचे दोन्ही पाय बांबूसारखे ताठ झाले, कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. हात धड, तोंड धड, जीभ तर चांगलीच धड. “कमले,” ती मला म्हणायची, “कमरेपासून वरती मी जित्ती हाय, खालती कोन हाय मला ठावं न्हाय.” पाठीच्या मधोमध मणक्यावर एक टेंगूळ आले होते. आईने तिला न्हाऊ घालताना ते पाहिले आणि हातातला तांब्या तसाच खाली ठेवला. तात्यांनी ऐकले आणि ते खूश झाले. खरेच खूश झाले. घरातलीच बहीण, गावासमोर, निवडणुकीच्या तोंडावर, पायाळूच्या लाथेने उठून चालू लागेल! त्यांनी पुढचा रविवार जाहीर करून टाकला.

आईने मात्र देवीला जातो असे सांगून आत्याला बैलगाडीत घातले, मला बरोबर घेतले आणि गाडी अलिबागला डॉक्टरांकडे वळवली. डॉक्टर तिरसट होते. त्यांनी आत्याच्या तळव्यावरून कपाटाची चावी ओढली, तर तिचा अंगठा हळूच वर उठला. माझ्या तळव्यावरून ओढली, तर खाली वळला. “बघितलंत?” ते म्हणाले. आम्ही बघितले, कळले काही नाही. मग त्यांनी टेंगूळ चाचपले, ताप विचारला आणि आईला म्हणाले, “याला तुम्ही काय म्हणता?”

“वारं,” आई म्हणाली.

“वारं! म्हणजे रेवसला बोट बुडाली काय आणि पालीला घर जळलं काय, कारण एकच! अहो, डोक्यात रक्त अडलं तर उलट्या बाजूचं अर्धं अंग जातं. गालाची शीर सुजली तर तेवढा गाल जातो, आणि बहुतेक वेळा आपोआप परत येतो. दंडाखालची शीर दबली तर मनगट पडतं, तेही येतं. हिचा मणका क्षयाने कुजलाय आणि आतली दोरी दबलीय, म्हणून दबल्याच्या खालचं दोन्हीकडचं गेलंय. मुंबईला न्या. इंजेक्शनं आहेत, महिनोन्‌महिने पाठीवर निजून राहावं लागेल, पण चालेल मुलगी. आणि तोवर कुणी तेल चोळलं, ओढलं, धक्का दिला, तर तो मणका कडकन् बसेल आणि ही जन्मात उठणार नाही.”

“लाथ मारली तर?” मी विचारले.

“कोण लाथ मारतंय?”

“मी. मी पायालू हाय. तात्यांचं तोंड मीच बरं केलं.”

“कपाळाला आठ्या पडत होत्या त्यांच्या?”

“एकाच अंगाला. आनि डोला मिटत नव्हता.”

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा नीट पाहिले. “मग त्यांना कोंबडीने लाथ मारली असती तरी ते बरे झाले असते. तुझ्या आत्याला मात्र तू मारून टाकशील.”

हे सगळे आईने घरी येऊन पदराआडून तात्यांना सांगितले. तात्यांनी दात कोरत ऐकून घेतले. “अलिबागचा डॉक्टर?” ते म्हणाले. “त्याला आपल्या गावात मत हाय का?” शनिवारी वडील आले. गोदीत ते बैलाने ओढावीत अशी ओझी उचलत, पण दादासमोर त्यांना मान उचलता येत नसे. “दादा, मुंबैला नेली तर...” एवढेच ते म्हणाले. तात्या म्हणाले, “घरात गंगा वाहते आनि मी घागर घेऊन मुंबैला जाऊ? लोक तोंडात शेन घालतील.” वडिलांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि तो तिथेच विरघळेपर्यंत बुडवून ठेवला. मी त्यांच्याकडे बघत होते. इतका राग मला तात्यांचाही कधी आला नव्हता.

रविवारी सकाळी अंगणात मुंगीला वाट नव्हती. उंबरठ्यावर चटई, चटईवर आत्या पालथी. तिला डॉक्टरांचे बोलणे माहीत होते, पण तात्यांना नाही म्हणायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती. चोळीखाली ते टेंगूळ स्पष्ट दिसत होते. मी जवळ गेले तशी ती कुजबुजली, “हलकंच मार हां, कमले.” मागून तात्या गर्जले, “चांगली जोरात हान! घरची हाय म्हनून कसूर नको!” माझ्या पायावर हळदकुंकू होते. मी डावा पाय उचलला. आणि तो उचललेला पाय, काय सांगू, हवेतल्या हवेत गेला. मी धाडकन् पडले आणि अशी किंकाळी फोडली की खाडीतले बगळे उठले. “आये गं! माझा पाय! माझा पाय गेला!”

बाजेवर बसून मी इतके रविवार वाया घालवले नव्हते. धाकूबाबांचा ताठपणा, त्या लहानगीचा लुळेपणा, आत्याची कात्री, सगळे नमुने माझ्यापाशी होते. घाबरून मी सगळ्यांचीच मिसळ केली. पाय गुडघ्यापर्यंत ताठ, पुढे लोंबता, आणि वर तोंडही जरा वाकडे करून ठेवले. तात्यांनी पोटरीला कचकन् चिमटा घेतला, मी त्यांच्याकडे बघून हसले. कोळणीने जाळ्याची सुई टोचली, मी विचारले, “काय करते गं मावशी?” अलिबागच्या डॉक्टरांनी असला लकवा पाहिला असता तर मला कान धरून उभे केले असते. कारण असा लकवा जगात नाही. पण आमच्या गावाला त्याचे काय? त्यांच्या लेखी सगळे वारंच. ज्या अडाणीपणाने ते आत्याला जन्माची पांगळी करायला निघाले होते, त्याच अडाणीपणाने त्यांनी माझा ढोंगी पाय डोळे मिटून मान्य केला. आजही कुणी मला लोकांच्या अडाणीपणाविषयी कळवळून बोलू लागले, की मी म्हणते, बाबा, त्याचा उपयोग करून घेता आला पाहिजे.

“पायालूचाच पाय गेला! आता हिला कोन लाथ मारनार?” कुणीतरी ओरडले. दुसरा पायाळू म्हसळ्याला होता म्हणे, पण तो दारू पिऊन स्वतःच पडून असायचा. तात्यांच्या कपाळावर घाम आला, दोन्ही बाजूंना. बहिणीचे दोन पाय गेले तेव्हा ज्यांची झोप मोडली नव्हती, ते पुतणीच्या एका पायासाठी थरथरत होते. “मुंबैला!” ते म्हणाले. “आताच्या आता! दुपारची लाँच गाठा!” आईने माझ्याकडे एकदा पाहिले. मी डोळा मिचकावला नाही, पण तिला पोचले. ती पदर सावरून म्हणाली, “भावजी, एवीतेवी जायचंच हाय, तर यमूलाबी नेते.” “न्या, न्या,” तात्या म्हणाले, “पन आधी पाय दाखवा. यमू काय, पलून जात न्हाय.”

रेवसला ओहोटी होती. चिखलातून, लाँचला पोचवणाऱ्या होडीपर्यंत, म्हणजे पडावापर्यंत, माणसांना खांद्यावरून न्यावे लागे. आत्याला वडिलांनी आणि चौघांनी फळीवर आडवी, जराही न हलवता नेली. वडील रडत होते आणि पुढच्यांना ओरडत होते, “हलू, हलू! धक्का नको!” त्यांचा चढा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला मात्र खुद्द तात्यांनी पाठीवर घेतले. गुडघाभर चिखल, दुपारचे ऊन, धापा टाकणारे भावी सरपंच आणि त्यांच्या मानगुटीवर मी. पाय लुळा असल्यामुळे टाच मारता येत नव्हती, हे एक दुःख सोडले तर तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा प्रवास.

मुंबईच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टराने माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तशी माझी तंगडी उडून त्याच्या हातातल्या बशीला लागली. आई म्हणाली, “हिचं सोडा. ती बघा.” आत्याला त्यांनी प्लास्टरच्या साच्यात पाठीवर निजवले. सुया, पांढऱ्या गोळ्या, आणि आढ्याकडे बघत काढलेले वर्षभर. पहिले कितीतरी महिने काही हलले नाही. मग एके दिवशी वडील भेटायला गेले असताना तिचा अंगठा हलला, खाली, माझ्यासारखा. ते उरलेला वेळ त्या अंगठ्याकडे बघत बसले. आत्या आता म्हातारी झाली आहे, वाकून चालते, पण चालते, आणि माझ्या घरी येऊन माझ्या चहाला नावे ठेवते. मी त्याला तिच्या पायांचे व्याज समजते.

ती परत आली त्या दिवशी गाव रेवसच्या धक्क्यावर लोटला होता. मुंबईला ‘बऱ्या’ झालेल्या पायावर मीही त्यात उभी होते. तात्या सरपंच झाले होते. होणारच. लोकांनी त्यांना निवडले यात मला नवल वाटले नाही, लोकांना मी पाठीकडून पाहिले होते. त्यांनी धाकूबाबांनाही खुर्चीत घालून आणवले होते, पायाळूच्या गुणाने ‘अर्धे बरे झालेले’ म्हणून दाखवायला. आत्या काठी टेकत, एकेक पाऊल टाकत लाँचच्या फळीवरून उतरली. मग आई रडली, वडील रडले, कोळणी रडल्या, आणि तात्यांनी खाकरून घसा साफ केला. “बंधूंनो,” ते म्हणाले, “मुंबईच्या डॉक्टरांनी निमित्तमात्र काम केलं. खरा गुण आमच्या घरच्या पायाचा. आणि त्या पायाला घडवलं, वाढवलं, वेळेला मुंबईला धाडलं ते कोणी? विचारा या धाकूबाबांना!”

सगळ्यांनी धाकूबाबांकडे पाहिले. मागचे सगळे दिवस त्यांच्या तोंडून त्या एका वाक्याखेरीज दुसरा शब्द निघाला नव्हता, आणि तेच ऐकायला लोक ओठ दाबून उभे होते. एवढ्यात खाडीवरून वारा आला. आमचा नेहमीचा, खारा, खरा वारा. त्याने सरपंचांची पांढरी टोपी उडवली आणि ती धक्क्याच्या कडेला माझ्या पायाशी येऊन पडली. तात्या लगबगीने आले आणि माझ्याकडे पाठ करून, पुरे वाकून ती उचलू लागले. खुर्चीत धाकूबाबांचा धड हात वर उठला, मान ताठ झाली, गळ्यात काहीतरी घरघरले, आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा जुन्या तांडेलाच्या आवाजात ते ओरडले :

“पोरी, हान लाथ!”